उन्हाकडचा गाल

मामांना दोन वयं होती. गाडीत बसलेल्यांना ते चाळिशीचे वाटत आणि त्यांच्या खिडकीच्या बाजूने रस्त्यावर उभ्या असलेल्यांना सत्तरीचे. प्रवाशांना ड्रायव्हरचा डावा गाल दिसतो. मामांचा डावा गाल सावळा, घट्ट, दाढी केलेल्या दिवशी तर तुकतुकीत. उजवा मात्र खिडकीकडचा, आणि तो पहिल्यांदा पाहणारा माणूस पुन्हा वळून बघायचा. जाड, पिवळट तपकिरी कातडी, तिच्यात बोट रुतेल अशा घड्या, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी बारीक काळ्या दाण्यांचा पुंजका, पापणी किंचित ओघळलेली. नाकाच्या मधोमध बांध घालून दोन शेतं वेगळी करावीत, तसा तो चेहरा होता.

फुलंब्रीच्या फाट्यावर रस्त्याच्या पलीकडून हात करणाऱ्या बायका "ओ बाबा, थांबवा" म्हणून ओरडायच्या. त्याच बायका आत येऊन डावीकडच्या सीटवर टेकल्या की "दादा, जरा सावकाश घ्या" म्हणायच्या. मामांना याची मोठी गंमत वाटे. "चढताना बाबा, बसल्यावर दादा," ते मागं न बघता म्हणायचे, "सिल्लोड येईस्तोवर पोरगा व्हतो का काय मी!" त्यावर आमचे कंडक्टर शेखभाई तिकिटं फाडता फाडता ठेवून द्यायचे, "मामा, तुम्हारा ये बाजू पोते का है, वो बाजू आजोबा का. पेन्शन आधीच मिलेगी देखो."

मामा संभाजीनगर ते अजिंठा अशी लाल गाडी चालवत. माझं सिल्लोडला मेडिकल स्टोअर आहे आणि घर इकडे संभाजीनगरजवळ हर्सूलला, त्यामुळे माझं रोजचं अपडाऊन. सकाळी त्यांच्या गाडीने जायचं, दुपार कलली की त्याच गाडीने परत. ते मला मेडिकलशेठ म्हणायचे, मी त्यांना सगळ्यांसारखं मामा म्हणायचो. वयाने ते माझ्याहून थोडेच मोठे. मी कमी बोलणारा माणूस. दुकानात बोलावं लागतं तेवढं बोलतो, घरी त्याहून कमी. मामांना असा माणूस शेजारी बरा वाटत असावा. डावीकडची पहिली सीट ते माझ्यासाठी धरून ठेवायचे. तिथून मला त्यांचा डावा गाल दिसायचा. कित्येक महिने मी त्यांना तेवढ्या अर्ध्याच चेहऱ्याने ओळखत होतो.

या रस्त्याची एक खोड आहे, ती रोज जाणाऱ्यालाच कळते. सकाळी उत्तरेकडे तोंड करून निघालं की ऊन पूर्वेचं, म्हणजे उजवीकडून. दुपारी परत फिरलं की ऊन पश्चिमेचं, आणि गाडीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे तेही उजवीकडूनच. चढणारा प्रत्येक जण शेखभाईंना विचारायचा, "सावली कुठल्या बाजूनं?" आणि जाताना काय, येताना काय, शेखभाईंचं बोट डावीकडेच. माणसं डावीकडे दाटीवाटीने बसायची, उजवीकडच्या सीटा चौक्याच्या चढापर्यंत रिकाम्या राहायच्या. मामा आरशातून ते बघायचे आणि म्हणायचे, "मपली सीट रिझर्व हाये बाबांनो. उन्हाच्या कोट्यातनं."

आपण सगळे सावलीकडे सरकतो आणि एक माणूस तिकडे सरकूच शकत नाही, हे मला रोज दिसत होतं. त्याचा कधी विचार म्हणून केला नाही. एकदा सहज म्हणालो, "मामा, खिडकीला पडदा तरी लावा."

"आन् आरसा? मागून कोण यायलंय ते पडद्यात बघू का? चाळीस जीव घेऊन चाललोय शेठ." मग काचेवर टिचकी मारून म्हणाले, "काच हाये की मधी. काचंतून ऊन लागत नसतं, नुसता उजेड येतो."

मी मान डोलावली. मी फार्मसी शिकलेला माणूस. चटका देणारं ऊन काच बरंचसं अडवते, पण कातडी खोलवर म्हातारी करणारं ऊन काचेतून आरपार येतं, हे मी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. समोर धडधडीत एक माणूस बसला होता, ज्याच्या तोंडावर ते सगळं उमटलेलं होतं. आणि मी मान डोलावली, कारण चर्चा नको होती.

मामांचं गाव वैजापूर तालुक्यातलं. घरची मेंढरं होती, वडिलांची हयात रानातच गेली. "बापाचं तोंड दोन्ही अंगानं सारखं वाळलेलं," ते सांगायचे. "मेंढरामागं ऊन चारी बाजूनं फिरतं ना. मी एकाच अंगानं भाजलो. भाकरी उलटायचीच राहिली जणू." सिल्लोडच्या स्टँडवर चहाला उतरलो की त्यांची एक लकब होती. ओळखीपुरता माणूस असेल तर त्याच्याकडे डावा गाल करून उभे राहायचे, हसरे, रुबाबदार. ज्याच्याशी मनातलं बोलायचं, त्याच्याकडे वळून उजवा गाल पुढे करायचे. "ह्यो मपला खरा," म्हणायचे, "त्यो दुसरा पॅशिंजरसाठी." माझ्याकडे त्यांनी उजवा गाल कधीपासून करायला सुरुवात केली, आठवत नाही. केला, एवढं खरं.

गाडी सुरू करण्याआधी ते दोन्ही तळवे स्टिअरिंगवर सपाट ठेवायचे. नमस्कार नव्हे. बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्याचा अंदाज घ्यावा तसं काहीतरी. एकदा म्हणाले, "हे हातात हाये तोवर मी मामा. सुटलं की नुसता म्हातारा, आन् त्यो बी अर्धाच." हसत म्हणाले, पण ते गमतीत बोलत नव्हते. रस्ता खोदून ठेवलेला असताना, धुळीत समोरचा ट्रक दिसत नसताना, त्यांच्या गाडीला कधी ओरखडा गेला नाही. लोक स्टँडवर विचारून चढायचे, "मामा हायेत का गाडीवर?" त्यांची सगळी इभ्रत त्या एका चाकात होती.

ते दुकानात आले ते मुलीच्या सुपारीनंतर. दुपारची वेळ, काउंटरवर कोणी नव्हतं. टोपी काढून हातात धरलेली, नजर खाली.

"शेठ, तोंडाला लावायला काय मिळतं का?"

"काय झालं?"

"झालं काय नाय. पावण्यांत एकजण मपल्या उजव्या बाजूला बसला व्हता. त्यानं व्याह्याला हळूच विचारलं, पोरीचा बाप कुठं दिसंना, आजोबाच आलेत का." त्यांनी हातातली टोपी फिरवली. "पोरीनं ऐकलं, शेठ. फोटोच्या टायमाला मला धरून डावं अंग पुढं करून उभं केलं, एवढंच. लग्नात तरी नीट दिसावं म्हणतो. म्हातारा असंल त म्हातारा, पण दोन्हीकडून सारखा तरी."

त्या दिवशी त्यांना काय द्यायला हवं होतं, हे मला ठाऊक होतं. उन्हापासून राखणारं मलम माझ्या काचेच्या कपाटात वरच्या खणात होतं. ते फक्त बायका घ्यायच्या, म्हणून वर ठेवलेलं. दोन बोटांच्या लांबीइतकं घ्यायचं, तोंडाला आणि मानेला लावायचं, अजिंठ्याला गाडी थांबली की पुन्हा लावायचं, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, आणि झालेल्या घड्यांसाठी कातडीच्या डॉक्टरांकडे जायचं. डॉक्टर रात्रीचं एखादं औषध देतील, महिने लागतील, थोडा फरक पडेल. पहिल्यासारखं होणार नाही. एवढं सांगायला पाच मिनिटंही लागली नसती. पण लग्न तोंडावर आलेलं, आणि मामांना फरक दिसायला हवा होता. मी खालचा खण उघडला.

त्या ट्यूबला आमच्या धंद्यात आम्ही तीनवाली म्हणतो. तीन औषधं एकत्र: एक रंग उतरवणारं, एक कातडी सोलणारं आणि तिसरं स्टिरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, थोडेच दिवस वापरावी, उन्हात जाऊ नये, सगळं तिच्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. आमच्याकडे ती साबणासारखी खपते. गोरं करणारी म्हणून कॉलेजच्या मुली नेतात, लग्न ठरलेली मुलं नेतात. मी मामांना म्हणालो, "पातळ लावा." बस्स, एवढंच म्हणालो.

महिन्याभरात मामांचा उजवा गाल खरोखर बदलला. घड्या होत्याच, पण काळपटपणा उतरला, कातडीला लाली आली. लग्नात ते दोन्हीकडून फोटो काढून घेत होते. शेखभाईंनी जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मेडिकलशेठ, मामा को तो सासरा नहीं, नवरदेव बना दिया!" मामांनी माझ्या हातात लाडू ठेवला, आणि व्याह्यांना मला दाखवून म्हणाले, "हे आमचे डॉक्टर." मी डॉक्टर नाही, असं मी म्हणालो नाही.

मग डेपोतले ड्रायव्हर यायला लागले. "मामांची क्रीम द्या." मी देत गेलो.

मामांनी लग्नानंतरही ती सोडली नाही. सकाळी ड्युटीवर निघताना लावायचे आणि त्याच तोंडाने उन्हात बसायचे. पावसाळा गेला, थंडी गेली. गालावर लाल बारीक शिरांचं जाळं दिसायला लागलं. एके सकाळी म्हणाले, "शेठ, लावली की थंड वाटतंय, नाय लावली की आग व्हायलीय. मिरची चोळल्यावाणी." ही कसली लक्षणं आहेत ते मी तेव्हाच ओळखलं. कातडी पातळ झाली होती आणि तिला त्या औषधाची सवय लागली होती. मी म्हणालो, "जरा कमी करून बघा." आणि खिडकीबाहेर बघत राहिलो.

होळीच्या सुमारास मला ती गाठ दिसली. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली, तुरीच्या दाण्याएवढी, काळी, चकचकीत. कडा किंचित उचललेली, मध्ये खपली. मामांनी चहाचा ग्लास धरला होता, गाल माझ्याकडे होता, ऊन तिरपं पडलं होतं, आणि ती चमकली.

"हे काय झालंय?"

"रुमालाचं घासून झालंय. खपली धरती, निघती, पुन्हा धरती."

खपली धरते, निघते, पुन्हा धरते. बरी होत नाही. हे वाक्य असंच्या असं मी कधीकाळी पाठ केलं होतं. त्यांना त्याच वेळी म्हणायला हवं होतं, मामा, आज ड्युटी बदला आणि डॉक्टरकडे चला. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "पुसताना जपून पुसा."

का, ते आता लिहायलाच हवं. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार होते, तोंडाला काय लावता? दुसरा प्रश्न, कोणी दिलं? मला माझ्या दुकानाचा परवाना दिसत होता, डेपोतले ते सगळे लाल झालेले गाल दिसत होते. आणि खोटं कशाला बोलू, गाठ या क्रीमनेच झाली असेल, ही धास्ती होती. मी मनाला सांगत राहिलो की असेल साधी चामखीळ. रात्री पुस्तक काढून चित्रं बघायचो आणि सकाळी पुन्हा चामखीळ म्हणायचो.

तो सगळा उन्हाळा मी सीट बदलली. पहिल्या सीटवर बसेना झालो. मागे, डावीकडे, शेवटून दुसऱ्या रांगेत बसायचो. मामांनी आरशातून एकदा हाक मारली, "शेठ, पुढं या की." मी म्हणालो, "मागं वारा बरा लागतो." सिल्लोडला उतरलो की चहाला न थांबता थेट दुकान गाठायचो. दुकानातला फोन वाजला तर वाजून थांबेपर्यंत उचलायचो नाही. बायको विचारायची, झोप का लागत नाही? मी म्हणायचो, उकाडा. चांगलं चार महिने चाललं हे. मागच्या सीटवरून मला मामांची मान आणि टोपी दिसायची, गाल दिसायचा नाही. त्यासाठीच तर मी तिथे बसत होतो.

पाऊस लांबला होता. एका दुपारी परतीच्या वाटेवर मामांनी फुलंब्रीला गाडी उभी केली, खाली उतरले आणि मागच्या दाराने चढून माझ्या सीटपाशी आले. हातातल्या पांढऱ्या रुमालावर रक्ताचा डाग होता. सगळी गाडी बघत होती. त्यांनी माझ्या तोंडासमोर उजवा गाल केला.

"बघा ना एकदा. थांबंना झालंय. आता डोळ्यापाशी ओढतंय. तुमच्याबिगर कोणाला दाखवू?"

दाण्याचा शेंगदाणा झाला होता, पापणीच्या कडेपर्यंत.

मी दुसऱ्याच दिवशी त्यांना शहरात एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. रिक्षात मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती सांगितली नसती तर आज निम्मं ओझं कमी असतं. मी म्हणालो, "मामा, क्रीम कोणी दिली विचारलं, तर माझं नाव घेऊ नका."

"व्हय व्हय," ते म्हणाले, "तुमाला कशाला तरास."

बाईंनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग शर्ट काढायला सांगितला आणि दंडाची आतली, काखेकडची बाजू बघितली. तिथली कातडी लहान मुलासारखी होती, मऊ, एकसारखी. बाई म्हणाल्या, "हे बघा मामा, तुमचं खरं वय हे. गालावर दिसतंय ते वय उन्हाचं आहे. काचेतून रोज थोडं थोडं शिरलं आणि साठत गेलं. कातडी काही विसरत नाही." मग त्यांचा आवाज चढला. "आणि ही लाली कसली? हे स्टिरॉइड आहे. किती दिवस लावताय? कोणी दिलं हे तुम्हाला?"

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. माझ्या समोरच्या भिंतीवर कातडीच्या थरांचं चित्र होतं. वरचा थर, मधला थर, खालची चरबी. मी ते चित्र पाठ करत होतो.

"आठवत नाय बाई," मामा म्हणाले. "बसमधी कोण तरी बोललं, म्हणून आणली."

"बसमधलं ऐकून तोंडाला औषध लावता? शिकलेल्या माणसाला विचारायचं नाही का?"

"चुकलं," मामा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

तुकडा तपासायला गेला. अहवाल येईपर्यंतचे दिवस मामा गाडी चालवत होते आणि मी पुन्हा पहिल्या सीटवर बसत होतो, कारण मागे बसवेना. शेखभाईंनी गंमत बंद केली होती. गाडी सुरू करताना मामांचे तळवे स्टिअरिंगवर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहायचे. एकदा चौक्याच्या उतारावर त्यांनी विचारलं, "मरायचं भ्याव नाय शेठ. डोळा तर राहील ना? डोळ्याबिगर गाडी कोण देईल?" मी म्हणालो, "राहील." मला काहीच माहीत नव्हतं.

अहवाल आला. कातडीचा कॅन्सर, पण हळू चालणारा, सहसा दुसरीकडे न पसरणारा. कापून काढला की बहुतेक बरा. बाईंनी समजावून सांगितलं, हा उन्हानेच झालाय; क्रीमने झाला असं म्हणता येणार नाही. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची लाज मला आजही आहे. कारण पुढचं वाक्य बाई सहज बोलून गेल्या. "क्रीमने आजूबाजूची कातडी पातळ केली, ते वेगळं. पण उन्हाळ्याच्या आधी आला असतात ना मामा, तर छोटा तुकडा काढून भागलं असतं. आता पापणीपर्यंत जावं लागेल."

उन्हाळ्याच्या आधी. म्हणजे होळी.

ऑपरेशन मोठ्या सरकारी दवाखान्यात झालं, नीट झालं. गाठ पूर्ण निघाली. पापणीचा कोपरा गेला, तिथे कानामागची कातडी लावली. जीव वाचला, नजरही राहिली, पण पापणी पुरती मिटेना. वाऱ्यात, उजेडात डोळ्याला धार लागायची. डेपोच्या डोळेतपासणीत मामा पास झाले नाहीत. त्यांना स्टिअरिंगवरून काढून टायरच्या खोलीत बसवलं. अंधारी, गार खोली, रबराचा वास. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दिवसभर सावली मिळाली.

मला खाऊन टाकलं ते याच्या पुढच्या गोष्टीने. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "शेठनं दवाखान्यात नेलं म्हणून डोळा तरी राहिला. देवमाणूस." ड्रायव्हर मला स्टँडवर नमस्कार करायला लागले. मामींनी घरून धपाटे पाठवले. ते धपाटे मला गिळवेनात. तीनवाली मी ठेवायची बंद केली होती, उरलेल्या ट्यूबा कंपनीकडे परत पाठवल्या होत्या, क्रीम नेणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला गाठून ती हळूहळू सोडायला डॉक्टरकडे धाडलं होतं. हे सगळं केलं, पण जिथे बोलायचं होतं तिथे गप्पच.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना मी टायरच्या खोलीत गेलो. मामा दाराच्या आत स्टुलावर बसले होते. मला बघून त्यांनी स्टूल फिरवलं आणि सवयीने उजवा गाल माझ्याकडे केला. टाक्यांची जागा फिकट दिसत होती.

मी म्हणालो, "मामा, मला होळीलाच कळलं होतं ती गाठ काय आहे ते. क्रीमवरून नाव पुढं येईल म्हणून बोललो नाही. सगळा उन्हाळा गप्प बसलो."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, शिट्ट्या चालल्या होत्या. त्या थांबल्यावर मामांनी डोळ्यातलं पाणी रुमालाने टिपलं. ते सारखं टिपावंच लागायचं, त्यामुळे मला त्याचा अर्थ लावता आला नाही.

"म्हणून मागच्या सीटवर बसायले व्हय तुमी," ते म्हणाले. "मी तुमच्या मामीला म्हन्लो व्हतो, शेठला मपल्या तोंडाची किळस यायली. ती म्हन्ली, तसले नायत ते. म्हन्लं, नसतील. रोज आरशात बघायचो ना तुमाला. म्हणायचो, एवढं वंगाळ दिसतंय का आपलं."

मी काही बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला. मग स्टूल पुन्हा फिरवलं, आता दाराच्या दिशेने. डावा गाल माझ्याकडे आला. घट्ट, सावळा, हसरा.

"चहा घ्या शेठ," ते म्हणाले. प्रवाशांशी बोलायचे तसं.

त्यानंतर मामा वैजापूरकडे गावी गेले. निरोपाच्या दिवशी डेपोत मी होतो, हार घालताना त्यांनी माझाही हात हातात घेतला, फोटोही काढला. डाव्या बाजूने. त्यांचा फोन मला आला नाही, मी केला तर मामी घेतात, दोघं बरे आहोत म्हणतात. मामा घरातून बाहेर पडताना मोठ्या काठाची टोपी घालतात आणि तोंडाला पांढरं मलम फासतात, गावातली पोरं हसतात, त्यांना ते थांबवून पोरांच्याही नाकाला लावतात, हे मामींकडूनच कळलं.

आता माझ्या दुकानात उन्हाचं मलम काउंटरवर असतं, वरच्या खणात नाही. अपडाऊनला मी उजवीकडे बसतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. त्याने कुणाचं काही भलं होत नाही. डावीकडे बसवत नाही, इतकंच.

गेल्या महिन्यात खाकी शर्टातला एक ड्रायव्हर आला, पन्नाशीचा, अनोळखी. काउंटरपाशी घुटमळत राहिला. म्हणालो, काय देऊ? तो म्हणाला, वैजापूरच्या मामांनी पाठवलंय.

"काय म्हणाले मामा?"

"म्हन्ले, सिल्लोडला जा, मेडिकलशेठला उन्हाकडचा गाल दाखव. त्यांना वळखू येतं." तो जरा अडखळला, टोपी या हातातून त्या हातात घेतली. "म्हन्ले, सांगतील तिथं जा. आन्... राग नका मानू शेठ, त्यांनीच सांगितलं, देतील ते काय घेऊ नको."

मी काउंटरची फळी उचलून बाहेर आलो. त्याला दाराशी उजेडात उभं केलं, आणि म्हणालो, "मान वळवा."